निसर्गातल्या प्रकाशावर मुलांचं सचित्र पुस्तक: चित्रांत काय चुकता कामा नये?

सांजरंग

नमस्कार मंडळी,

आठ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी एक सचित्र पुस्तक करतेय. विषय निसर्गातला प्रकाश: इंद्रधनुष्य, खळं, मृगजळ, निळं आकाश, तांबडी संध्याकाळ, इंद्रवज्र (ढगावर पडलेल्या आपल्या सावलीभोवतीचं रंगीत वलय), ध्रुवीय प्रकाश. मजकूर माझा, चित्रं माझ्या मैत्रिणीची. मजकुराचा खर्डा तयार आहे, चित्रांचे कच्चे आराखडे चालू आहेत. चर्चा हवी आहे ती चित्रांबद्दल.

माझं म्हणणं असं की या विषयावरच्या पुस्तकात विज्ञान मुख्यतः चित्रातच असतं. मूल आधी चित्र बघतं, मजकुराकडे जमलं तर नंतर वळतं. मजकुरात 'सूर्य पाठीमागे हवा' असं लिहिलं आणि शेजारी दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य व त्याच्या डोक्यावर इंद्रधनुष्य काढलं, तर लक्षात चित्र राहतं. मग ऊन-पाऊस एकत्र आला की ते मूल सूर्याच्या दिशेने इंद्रधनुष्य शोधतं, सापडत नाही, आणि घरात जातं. पुस्तकाने त्याला बाहेर पाठवलं खरं, पण चुकीच्या बाजूला तोंड करून.

म्हणून मी एकच नियम धरलाय. प्रत्येक पानावर दोन गोष्टी नजरेने कळल्या पाहिजेत: सूर्य कुठे आहे आणि बघणारा कुठे उभा आहे. या दोन जागा पक्क्या झाल्या की चित्र सहसा चुकत नाही.

इंद्रधनुष्याचं पान असं योजलंय. मूल पाठमोरं उभं आहे, सूर्य पानाच्या बाहेर, वाचकाच्याही पाठीशी. मुलाची लांब सावली पुढे पडली आहे. धनुष्य ज्या वर्तुळाचा भाग आहे, त्याचं केंद्र डोक्याच्या सावलीच्या दिशेला. त्या केंद्रापासून तांबडा सुमारे ४२ अंशांवर, जांभळा साधारण ४० वर. बाहेर ५१ अंशांच्या आसपास दुसरं, फिकं धनुष्य, त्यात तानापिहिनिपाजा उलट क्रमाने. दोन धनुष्यांच्या मधलं आकाश जरा काळपट. या पट्ट्याला अलेक्झांडरचं नाव आहे, पण जग जिंकायला निघालेल्या अलेक्झांडरचं नव्हे. अफ्रोडिसियसचा अलेक्झांडर हा तत्त्वज्ञ सुमारे १८०० वर्षांपूर्वी होऊन गेला, त्याने हा पट्टा नोंदवला.

तुमच्या बघण्यात अशा पुस्तकांमध्ये कोणत्या चुका येतात? कोणत्या चालवून घ्याल, कोणत्या अजिबात नाही? आणि एखादा विषय सुटलाय का?

कुंचला

फार गरजेचा धागा. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतो, त्यामुळे थोडं विस्ताराने लिहितो.

सावलीचा मुद्दा तुम्ही घेतलात, त्यातून चित्रकारासाठी एक फार सोपी कसोटी निघते. सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांहून वर असेल तर सपाट जमिनीवरून इंद्रधनुष्य दिसत नाही, पूर्ण वर्तुळ क्षितिजाखाली जातं. सूर्य ४५ अंशांवर असताना सावली उंचीइतकीच असते. म्हणजे चित्रातल्या मुलाची, झाडाची, कुत्र्याची सावली तिच्या मालकाच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर त्या चित्रात इंद्रधनुष्य असूच शकत नाही. सावली जितकी लांब तितकी कमान उंच, आणि सूर्य अगदी क्षितिजावर टेकला की अर्धवर्तुळ. हा संबंध चित्रकाराला कोणी सांगत नाही. सांगितला तर तो आनंदाने पाळेल, कारण त्यात काढायला काही जड नाही.

दुसरं, इंद्रधनुष्य तिरकं कधीच दिसत नाही. रस्त्याकडेच्या कमानीला बाजूने बघितलं तर ती चेपल्यासारखी दिसते, इंद्रधनुष्याचं तसं होत नाही. ते बघणाऱ्याभोवती बेतलेलं असतं, त्यामुळे कुठूनही पाहा, वर्तुळाचाच तुकडा. डोंगरामागून निघून नदीच्या अलीकडे उतरलेली, यथार्थदर्शनात काढलेली रंगीत कमान बघितली की मला राहवत नाही. मात्र डोंगराच्या अलीकडे पाऊस पडत असेल तर धनुष्य डोंगरावर चढलेलं दिसू शकतं. ते बरोबर आहे, त्याला कात्री लावू नका.

तिसरं रंगाचं. बहुतेक जण निळं आकाश रंगवून त्यावर सात रंगांचे पट्टे ओढतात आणि धनुष्य मातकट दिसतं. खरं धनुष्य म्हणजे आकाशाच्या उजेडात पडलेली भर. म्हणून त्याच्या मागचं आकाश आधी गडद हवं आणि पट्टे त्याहून उजळ. छपाईच्या चार शाईंना तो लख्ख जांभळा जमत नाही, त्या मागे धावू नका. त्याऐवजी धनुष्याच्या आतलं आकाश उजळ आणि बाहेरचा पट्टा काळपट ठेवा. निसर्गात ते तसंच असतं, कारण आतल्या भागातल्या थेंबांकडूनही प्रकाश डोळ्यात येतो, फक्त रंग एकमेकांत मिसळून पांढुरका झालेला असतो. आत-बाहेरचा हा फरक नीट आला की फिके रंगसुद्धा पेटतात. आणि सात पट्ट्यांमध्ये काळ्या रेघा नकोत, कृपा करून.

प्रयोगवही

कुंचला, सावलीची कसोटी मी माझ्या वर्गात वापरणार.

सांजरंगताई, थेंबाच्या आकृतीकडे विशेष लक्ष द्या. तिथे दोन चुका वर्षानुवर्षं एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत आल्या आहेत.

पहिली, थेंबाचा आकार. वर टोक, खाली गोल असा पावसाचा थेंब नसतो. लहान थेंब जवळजवळ पूर्ण गोल, मोठे हवेच्या दाबाने खालून चपटे होतात. धनुष्याची आकृती गोल थेंबावरच चालते. टोकदार थेंबात किरण काढून ४२ अंश आणता येणार नाहीत.

दुसरी अधिक खोल आहे. 'थेंबात प्रकाशाचं पूर्ण आंतरिक परावर्तन होतं', म्हणजे आतून आदळलेला सगळा प्रकाश मागे फिरतो, असं सर्रास लिहिलेलं असतं. होत नाही. पाण्यात ते व्हायला किरण आतल्या पृष्ठावर सुमारे ४९ अंशांहून तिरका आदळावा लागतो. धनुष्य घडवणारा किरण सुमारे ४० अंशांनी आदळतो. त्यातला थोडा प्रकाश परततो, बराचसा थेंबाच्या मागच्या बाजूने निघून जातो. तर्कानेही हे कळतं: गोल थेंबात किरण शिरताना जेवढा वळून आत येतो, तेवढाच कोन करून तो पलीकडच्या पृष्ठाला भेटतो. जो आत येऊ शकला त्याला बाहेर जायची वाट असतेच. तेव्हा आकृतीत मागे निघून जाणारा एक फिका बाण जरूर काढा. आठ वर्षांच्या मुलाला 'पूर्ण आंतरिक' हा शब्द लागतच नाही, बाण पुरतो.

थेंब तपासायचा तर त्याला मोठं करा, ही युक्ती सातशे वर्षं जुनी आहे. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत फ्रायबर्गचा थिओडोरिक आणि इराणात कमालुद्दीन अल-फारिसी, दोघांनी एकमेकांचा पत्ता नसताना पाण्याने भरलेला काचेचा गोल हाच थेंब मानला आणि त्यातले किरण मागोवा घेत शोधले. पुढे १६३७ मध्ये देकार्तने ४२ अंश गणिताने काढून दाखवले, आणि रंग का वेगळे होतात हे न्यूटनने १६७२ मध्ये मांडलं. थिओडोरिक आणि अल-फारिसी यांचं शेजारी-शेजारी एक चित्र पुस्तकात हवंच असं मला मनापासून वाटतं. दोन माणसं, दोन देश, एकच गोल.

मुलांना चंबू उन्हात ठेवायला मात्र सांगू नका. पाण्याने भरलेला गोल ऊन एका बिंदूत आणतो, कागद पेटू शकतो. त्याऐवजी दवबिंदू घ्या. सकाळी सूर्य खाली असताना त्याच्याकडे पाठ करून गवताजवळ बसायचं. आपल्या डोक्याच्या सावलीपासून हात ताणून दोन वीत अंतरावरचा एक चमकणारा थेंब निवडायचा. एक डोळा मिटायचा आणि दुसरा त्याच्या जवळ न्यायचा. डोकं अगदी सावकाश बाजूला सरकवलं की थेंबाच्या कडेला एक ठिणगी पेटते, आधी तांबडी. आणखी केसभर सरकलं की ती पिवळी होते, मग हिरवी, मग निळी, आणि शेवटी फिकी पांढुरकी. थेंब तोच, आपला डोळा हलला. हे ज्याने केलं त्याला 'प्रत्येकाचं इंद्रधनुष्य वेगळं' हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

पारिजात

इतकं सगळं वाचून थोडी धास्तावले, म्हणून पालक म्हणून विरोधी बाजू मांडते. आठ वर्षांच्या मुलीला रोज रात्री पुस्तक वाचून दाखवते. तिला थेंबाला डोळे-तोंड असलेलं आवडतं, थेंब बोलला पाहिजे. ४२ आणि ५१ अंश पानावर आले की ती पान उलटते. आधी नवल वाटू द्या, कोन नंतर येतील. सगळं बिनचूक करायच्या नादात पुस्तकाचं पाठ्यपुस्तक होऊ नये इतकंच.

सांजरंग

पारिजातताई, हा मुद्दा माझ्याही डोक्यात सतत आहे. अंशांचे आकडे मुख्य चित्रात नाहीतच, मागच्या पानांवर मोठ्यांसाठी आहेत.

बोलणाऱ्या थेंबाला माझा अजिबात विरोध नाही. गोष्ट खऱ्या घटनेतूनच काढता येते का एवढंच मी बघते. आणि इथे ती तयार आहे. धनुष्याच्या माथ्याच्या जरा वरून एक थेंब पडायला लागतो. ४२ अंशांवर आला की त्याचा तांबडा तुमच्या डोळ्यात शिरतो. आणखी खाली येतो, तसा नारंगी, पिवळा, हिरवा, आणि ४० पर्यंत उतरताना जांभळा. मग तो अंधुक पांढऱ्यात मिसळून जातो, आणि त्याच्या जागी वरून दुसरा आलेला असतो. म्हणजे एकेक थेंब क्षणभरात सगळे रंग वापरून जातो, धनुष्य मात्र हलत नाही. हे त्या थेंबाच्याच तोंडून सांगितलं तर? डोळे-तोंड काढू, फक्त डोक्यावर टोक नको.

पारिजात

हे फारच आवडलं! ही गोष्ट माझी लेक दहा वेळा वाचायला लावेल.

दुर्बीण

खळ्याबद्दल लिहितो. सूर्याभोवती किंवा चंद्राभोवती पडणारं मोठं गोल कडं. बहुतेक चित्रांत ते सूर्याला चिकटून काढलेलं असतं, देवाच्या चित्रातल्या प्रभावळीइतकं. प्रत्यक्षात त्याची त्रिज्या २२ अंश आणि सूर्याचं बिंब जेमतेम अर्धा अंश. म्हणजे त्रिज्या बिंबाच्या ४४ पट! पानावर सूर्य २ मिलिमीटरचा ठिपका काढला तर कडं ८८ मिलिमीटर त्रिज्येचं होईल, जवळजवळ सगळं पान व्यापेल. तसंच काढा. एवढासा सूर्य आणि एवढं मोठं रिकामं वर्तुळ, यातच त्याचा दरारा आहे.

मोजायला हात पुरतो. हात पूर्ण ताणून बोटं फाकवली की अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण २० अंश. मुलाचा हात लहान तसा त्याचा पंजाही लहान, त्यामुळे कोन जवळपास तोच येतो. इंद्रधनुष्यासाठी दोन वीत, खळ्यासाठी एक.

कारण सांगायचं तर, उंचावरच्या पातळ ढगांत बर्फाचे षटकोनी स्फटिक असतात आणि त्यांच्या एकाआड एक बाजूंमधून प्रकाश वळून येतो. कड्याची आतली कड तांबूस असते, आणि आतलं आकाश बाहेरच्यापेक्षा काळसर. स्फटिक पातळ चकत्यांसारखे आडवे तरंगत असतील आणि सूर्य खाली असेल, तर त्याच्या डावी-उजवीकडे, त्याच्याच उंचीवर दोन तेजस्वी डाग दिसतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला तीन सूर्य उगवल्यासारखं वाटतं. एक पान त्यांना द्या.

चंद्राला अगदी जवळून बिलगलेलं, दोन-चार अंशांचं रंगीत वलय ही वेगळीच गोष्ट. ते पाण्याच्या बारीक थेंबांच्या कडांवरून प्रकाश पसरल्यामुळे होतं आणि तिथे तांबूस रंग बाहेर असतो. खळं आणि हे वलय एकच समजून एका चित्रात कोंबलेलं मी पाहिलंय.

आणि कळकळीची सूचना: खळं बघायचं म्हणजे सूर्याच्या दिशेने बघायचं. त्या पानावरचं मूल सूर्य एखाद्या खांबाआड किंवा भिंतीच्या कोपऱ्याआड लपवून बघतंय असंच काढा. खाली लाल चौकटीत इशारा लिहिण्यापेक्षा चित्रातल्या मुलाने तसं केलेलं जास्त उपयोगी, मुलं चित्रातल्या मुलाची नक्कल करतात.

सांजरंग

दुर्बीण, खांबाआडचा सूर्य पक्का. '४४ पट' चित्रकार मैत्रिणीला लगेच कळवलं, तिने खळ्यासाठी दोन्ही समोरासमोरची पानं मागितली आहेत.

तुमच्या प्रतिसादावरून आणखी एक सुचलं. 'तांबडा कुठे?' असं एक जोडपान करायचं. इंद्रधनुष्यात बाहेर, दुसऱ्या धनुष्यात आत, खळ्यात आत, चंद्राजवळच्या वलयात बाहेर. रंगाचा क्रम आणि सूर्याची बाजू एवढ्यावरून मूल स्वतः ओळखू शकेल की आपण थेंब बघतोय की बर्फ.

खगोलखुणा

निळ्या आकाशाच्या आकृतीत हवेचा थर फार जाड काढतात. पृथ्वीचा गोल २० सेंटिमीटरचा काढला, तर ज्या ३० किलोमीटरच्या आत जवळजवळ सगळी हवा मावते तो थर अर्ध्या मिलिमीटरचाही भरत नाही. आकृतीसाठी जाड करावाच लागेल, हरकत नाही, पण एकदा तरी खऱ्या प्रमाणात काढा. पेन्सिलीच्या रेघेएवढ्या त्या थरात आपलं सगळं निळं आकाश आणि सगळे सूर्यास्त मावलेत हे मुलांना भिडतं.

निळा रंग धुळीमुळे, हे वाक्य अजून छापलं जातं. काम हवेच्या रेणूंचंच आहे, १८७१ मध्ये इंग्लिश शास्त्रज्ञ रॅलेने ते गणितात बसवलं. ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा ६५० च्या तांबड्यापेक्षा चौपटीहून जास्त विखुरतो. मग आकाश जांभळं का नाही, असं एखादं मूल विचारणारच. उत्तर मजकुरात ठेवा: सूर्यप्रकाशात जांभळा कमी असतो आणि आपले डोळेही त्याला कमी दाद देतात. संध्याकाळी क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्याच्या मानाने सुमारे ३८ पट हवा ओलांडून येतो, वाटेत निळा गळून जातो, तांबडा उरतो.

धुळीचं काम बघायचं तर मंगळावर. तिथे दिवसाचं आकाश पिवळट-तांबूस आणि सूर्यास्ताला सूर्याभोवती निळसर उजेड. क्युरिऑसिटी यानाने २०१५ मध्ये त्याचे रंगीत फोटो पाठवलेत. पृथ्वी आणि मंगळ यांची संध्याकाळ शेजारी-शेजारी काढली तर मजकुराची गरज जवळजवळ उरणार नाही.

शिंपला

समुद्र निळा का, तेही घ्या ना. 'आकाशाचं प्रतिबिंब' एवढ्यावरच सगळे थांबतात.

खगोलखुणा

@शिंपला, बरोबर. आणि तिथे रामन यांची गोष्ट आयती आहे. १९२१ मध्ये युरोपातून नारकुंडा जहाजाने परतताना त्यांनी समुद्राचा निळा रंग निकोल प्रिझममधून पाहिला. ठरावीक कोनातून पाहिलं की त्या प्रिझममुळे पाण्याच्या पृष्ठावरून परावर्तित झालेला प्रकाश कापला जातो. आकाशाचं प्रतिबिंब गेलं, तरी निळा उरलाच, उलट जास्त खुलला. म्हणजे रंग पाण्यातूनही येत होता. (पाणी तांबडा प्रकाश शोषून घेतं, हेही त्यात आहे.) तिथून सुरू झालेलं विखुरण्यावरचं काम २८ फेब्रुवारी १९२८ च्या शोधापर्यंत गेलं आणि १९३० चं नोबेल मिळालं. जहाजाच्या कठड्यापाशी उभा राहून हातातल्या छोट्या प्रिझममधून पाण्याकडे बघणारा माणूस: चित्राला याहून काय हवं?

कुंचला

मी असतो तर तो कठडा आणि प्रिझम धरलेला हात एवढंच काढलं असतं, बाकी पानभर पाणी.

प्रयोगवही

इंद्रवज्राच्या पानावरही अशीच एक गोष्ट घालता येईल. १८९४ मध्ये सी. टी. आर. विल्सन हे तरुण शास्त्रज्ञ स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस शिखरावरच्या वेधशाळेत काही दिवस राहिले. ढगांवर पडलेल्या सावल्यांभोवतीची रंगीत वलयं बघून त्यांना ती प्रयोगशाळेत घडवावीशी वाटली. त्यासाठी केलेल्या ढगांच्या प्रयोगांतून मेघकोष्ठ तयार झालं, ज्यात अणूहून लहान कणांच्या वाटा दिसू लागल्या, आणि १९२७ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं.

चित्रात एक काळजी घ्या. कड्यावर तिघं उभी असली तर ढगावर तिघांच्या सावल्या दिसतील, पण वलय बघणाऱ्याच्या एकट्याच्याच डोक्याभोवती. तिन्ही डोक्यांभोवती वलयं काढली की चित्र खोटं.

सांजरंग

हे विल्सनचं प्रकरण मला नवीन, घेतेच. तिघांसाठी तीन छोटी चित्रं करू, प्रत्येकाला काय दिसतं ते.

दुर्बीण

मृगजळाबद्दल एकच: रस्त्यावर दिसणारं ते 'पाणी' म्हणजे आकाशाचाच तुकडा असतो, तापलेल्या हवेतून वळून खालून डोळ्यात आलेला. त्यामुळे त्याचा रंग वरच्या आकाशाचाच काढा. फ्रेंच गणितज्ञ मोंझने १७९८ मध्ये इजिप्तच्या वाळवंटात सैन्यासोबत असताना त्याची उकल केली.

उत्तरवारा

ध्रुवीय प्रकाशाच्या पानावर उंची दाखवाल का? बहुतेक चित्रांत तो झाडांच्या शेंड्यांना शिवतो. हिरवा प्रकाश साधारण १०० किलोमीटर उंचीवरून सुरू होतो, तांबडा २०० च्याही वर. दोन्ही ऑक्सिजनच्याच अणूंचे. तांबडा प्रकाश सोडायला अणूला दीड-दोन मिनिटं निवांत लागतात, खाली दाट हवेत तोवर दुसरा कोणीतरी येऊन धडकतो. म्हणून तांबडा फक्त विरळ हवेत, उंचावर.

यावरून मे २०२४ चं कोडं सुटतं. मोठ्या सौरवादळात लडाखमधल्या हानलेहून उत्तर क्षितिजावर आकाश तांबडं दिसलं, हिरवं नाही. इतक्या दक्षिणेकडून पृथ्वीच्या वक्रतेमुळे ध्रुवीय प्रकाशाच्या पडद्याची फक्त वरची झालर नजरेत येते. पृथ्वीचा वाकलेला तुकडा, त्यावर दूरवर उभा पडदा आणि एका डोळ्यापासून निघालेली सरळ रेघ: एका आकृतीत सगळं.

पाऊलवाट

एक विषय सुटलाय: पृथ्वीची सावली. रोज दिसते आणि कोणी बघत नाही. सूर्य मावळला की सगळे पश्चिमेकडे तोंड करून उभे. तेव्हा मागे वळायचं. पूर्व क्षितिजावर एक निळसर राखाडी पट्टी टेकलेली असते, ढगासारखी, पण कड अगदी सरळ लांब. तिच्या वर गुलाबी पट्टा. बघता बघता राखाडी पट्टी वर चढते, गुलाबी तिच्यापुढे सरकत सरकत फिका होतो, आणि थोड्या वेळात दोघांमधली सीमाच पुसली जाते. ती राखाडी पट्टी म्हणजे आपण उभे आहोत त्या गोलाची सावली, हवेवर पडलेली. चंद्रग्रहणात चंद्रावर पडते तीच. मोकळं क्षितिज आणि स्वच्छ हवा असली की पुरे.

त्याच वेळी कधी कधी ढगांच्या फटींतून किरणांचा पंखा पसरलेला दिसतो. तो पंखा नसतो, किरण समांतरच असतात. रेल्वेचे रूळ दूरवर एकत्र येताना दिसतात तसं ते सूर्यापाशी जुळलेले वाटतात. काही वेळा डोक्यावरून जाऊन पूर्वेला पुन्हा जुळताना दिसतात. यासाठी तुमचा 'सूर्य कुठे' नियम उलटा वापरा: पूर्वेचं चित्र काढा आणि मुलांना विचारा, सूर्य कुठे आहे?

सांजरंग

पाऊलवाट, पृथ्वीची सावली घेतली. काजव्यांबद्दल दोघांनी निरोपातून विचारलं, ते या पुस्तकात नाहीत. तो सजीवांनी घडवलेला प्रकाश, त्याला स्वतंत्र पुस्तक हवं, चार ओळींत उरकण्याचा विषय नाही.

आता मुखपृष्ठ. प्रकाशनाच्या बाजूने इंद्रधनुष्य सुचवलंय. मला कवडसे हवेत. झाडाखाली बसलेलं मूल, अंगावर, पुस्तकावर, जमिनीवर गोल गोल कवडसे. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या, तरी कवडसे गोल, कारण प्रत्येक कवडसा ही सूर्याची प्रतिमा. फट जितकी उंच तितका कवडसा मोठा, दहा मीटरवरून आलेला साधारण नऊ सेंटिमीटरचा. कुठल्याही उन्हाच्या दिवशी, कुठल्याही झाडाखाली मुलाला पडताळून बघता येईल. इंद्रधनुष्याची वाट बघावी लागते.

पारिजात

कवडसे. दुसरा विचारच नको.

कुंचला

माझंही मत कवडशांना. तीन गोष्टी सांभाळा. सूर्य डोक्यावर नसेल तर जमिनीवरचे कवडसे लांबट, अंड्याच्या आकाराचे होतात, आणि सगळे एकाच दिशेला लांबट. दुसरं, मोठ्या फटीचा कवडसा उजळ पण कडा विरलेला, बारीक फटीचा मंद पण रेखीव. दोन्ही मिसळून काढा, सगळे एकसारखे छाप मारल्यासारखे नकोत. आणि जिथे दोन कवडसे एकमेकांवर येतात तिथे जास्त उजेड.

दुर्बीण

मागच्या मुखपृष्ठावर तेच झाड, तेच मूल, पण ग्रहणाच्या वेळी काढा. खंडग्रास अवस्थेत सगळ्या कवडशांच्या कोरी होतात. २ ऑगस्ट २०२७ चं खग्रास ग्रहण इजिप्तमध्ये लक्झरजवळ सहा मिनिटांहून जास्त आहे, आणि खंडग्रास रूपात ते युरोप, आफ्रिका, आशियातल्या फार मोठ्या भागातून दिसेल. तोवर पुस्तक मुलांच्या हातात असलं तर सूर्याकडे न बघता ग्रहण बघायची रीत त्यांना आधीच ठाऊक असेल.

चित्रकाराला एवढं सांगा की कवडशातली प्रतिमा उलटी असते. आकाशातल्या सूर्याचा उजवा-वरचा भाग झाकला गेला असेल, तर पांढऱ्या कागदावर घेतलेल्या कोरीचा घास विरुद्ध बाजूचा असतो. पानावर कोपऱ्यात खरा सूर्य काढणार असाल तर दोन्ही एकाच बाजूला वळलेले नकोत.

सांजरंग

नोंद केली. मागच्या मुखपृष्ठावर सूर्य काढतच नाही, फक्त कोरी. ग्रहण कोणत्या बाजूने लागलंय हे मुलांनी कवडशांवरून ओळखायचं, उत्तर आतल्या शेवटच्या पानावर. नवा आराखडा आला की इथेच टाकते, कुंचला आणि दुर्बीण यांनी सावल्या आणि कोरी तपासून द्याव्यात ही विनंती.